प्रौढांचे मास्तर : गोदाकाठच्या एका जिल्ह्याच्या निमित्ताने

‘प्रौढ’ हा मराठीत मानाचा शब्द आहे. प्रौढ भाषा, प्रौढ विचार असे आपण म्हणतो तेव्हा त्यात परिपक्वतेला दिलेली दाद असते. याच शब्दापुढे ‘साक्षरता’ हा शब्द येऊन बसला की मात्र त्याचा अर्थ पालटतो. शाळेच्या वयात जे व्हायला हवे होते ते ज्याच्या बाबतीत राहून गेले तो प्रौढ, असा एक उणिवेचा सूर त्यात मिसळतो. २०२२ साली आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्दप्रयोग मागे ठेवून ‘सर्वांसाठी शिक्षण’ असे म्हणण्यास सुरुवात झाली. नाव बदलले, परंतु एक प्रश्न त्याआधीही विचारला गेला नव्हता आणि नंतरही फारसा विचारला जात नाही. मोठ्या माणसाला शिकवणारा माणूस नेमके काय काय करतो?

आपल्याकडील प्रौढ शिक्षणाचा इतिहास बहुधा योजनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यात वर्गांची संख्या असते, नवसाक्षरांची संख्या असते, खर्चाचा आकडा असतो. शिकवणारा त्यात ‘स्वयंसेवक’ किंवा ‘अनुदेशक’ या सदराखाली एक संख्या म्हणून उरतो. याउलट मराठी वाङ्मयात, विशेषतः जुन्या ग्रंथांत आणि स्त्रियांच्या आत्मकथनांत, हा शिकवणारा त्याच्या सगळ्या कामांसह दिसतो. प्रौढाच्या शिक्षकाचे अक्षरे शिकवण्याखेरीजचे काम समजून घ्यायचे असेल तर अहवालांपेक्षा वाङ्मयाकडे वळावे लागते, असे आम्हांला वाटते. त्यासाठी आम्ही जालना जिल्ह्याचा आधार घेत आहोत. कारण या एका जिल्ह्याच्या आसपास हा इतिहास सातशे वर्षांहून अधिक मागे नेता येतो.

जिल्हा म्हणून जालन्याचे वय फार नाही. १ मे १९८१ रोजी तो अस्तित्वात आला. त्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१.५ टक्के भरली; पुरुषांत ती सुमारे ८१.५ तर स्त्रियांत सुमारे ६१ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर दहा स्त्रियांमागे जवळजवळ चार जणी अक्षरांबाहेर होत्या. हा आकडा मनात ठेवून याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याशी जोडली गेलेली दोन नावे पाहावीत. आद्य मराठी कवयित्री महदाइसा हिचे गाव म्हणून गोदाकाठचे रामसगाव सांगितले जाते, आणि १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला तो याच तालुक्यातील जांब येथे.

महदाइसा आपल्याला ‘धवळ्यां’ची कवयित्री म्हणून ठाऊक असते, परंतु ‘लीळाचरित्रा’त ती प्रामुख्याने प्रश्न विचारणारी स्त्री म्हणून येते. चक्रधरांच्या भोवती जमलेला शिष्यपरिवार हा मोठ्या माणसांचा परिवार होता. घरसंसार पाहिलेली, वैधव्य सोसलेली, तीर्थे हिंडलेली माणसे त्यात होती. त्यांच्या शंका पोथीतल्या नव्हत्या. जगताना पडलेल्या होत्या. महदाइसेच्या सततच्या विचारण्याचे चक्रधरांना ओझे वाटत नाही. तिच्या जिज्ञासेचे ते कौतुक करतात. स्त्रियांच्या विटाळाची कल्पनाही ते बाजूला सारतात आणि देहाच्या इतर धर्मांसारखाच तो एक देहधर्म आहे असे समजावतात. शिकण्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. मोठ्या माणसाला शिकू न देणारी पहिली गोष्ट बुद्धीची कमतरता नसते. ‘आपण इथे बसायला पात्र आहोत का’ ही लाज असते. ती लाज आधी दूर करणे आणि मग प्रश्न ऐकणे, असा शिक्षकाच्या कामाचा क्रम येथे लागलेला दिसतो.

चक्रधरांच्या पश्चात हे काम नागदेवाचार्यांकडे आले. ‘स्मृतिस्थळा’तील केशिराजबासांचा प्रसंग साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले. अशाने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हा प्रसंग आपण मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून शिकवतो. तो तसा आहेच. परंतु त्यात अभिमानापेक्षा अधिक व्यावहारिक असे काही आहे. एका शिक्षकाने आपल्या वर्गात कोण बसले आहे हे पाहिले आणि वर्गातल्या सर्वांत वयस्क, सर्वांत कमी शिकलेल्या विद्यार्थिनींच्या सोयीने ग्रंथाची भाषा ठरवली. विद्वान शिष्याला त्याने सक्षमांच्या मागे जाऊ दिले नाही. मराठी गद्याच्या प्रारंभकाळातला एक निर्णय अशा रीतीने म्हाताऱ्या विद्यार्थिनींच्या बाजूने झाला आहे, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासाने घ्यायला हवी.

रामदासांचा ‘दासबोध’ तर आरंभापासूनच श्रोत्याच्या प्रश्नावर उभा आहे. वीस दशके आणि दोनशे समास यांच्या या ग्रंथात श्रोता वारंवार आशंका घेतो, अडतो, वक्त्याला मागे यायला लावतो. हा श्रोता लहान मूल नाही; प्रपंच करणारा, दमलेला, कधी हटवादी असा मोठा माणूस आहे. पाचव्या दशकात गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण हे समास लागोपाठ येतात. परंतु आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे तो एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रियानिरूपणाचा. त्यात अक्षर कसे वाटोळे आणि मोकळे असावे, ओळ कशी सरळ असावी, कागदाच्या कडा कशा राखाव्यात, हे एखाद्या कारागिराने सांगावे तसे सांगितले आहे. तारुण्यात फार बारीक अक्षराची सवय लावू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम अक्षर लिहावे, असा सल्लाही तेथे आहे. अक्षर गिरवणाऱ्या हाताचे वय होणार आहे आणि डोळे मंद होणार आहेत, हे ध्यानात घेऊन शिकवणारा हा शिक्षक आहे. नेत्रतपासणीशिवाय भरवलेल्या साक्षरता वर्गात चाळिशीपुढची बाई फळ्याकडे पाहून ‘मला येत नाही’ म्हणते तेव्हा तिला ‘दिसत नाही’ असे म्हणायचे असण्याची शक्यता या समासाने आधीच सांगून ठेवली आहे.

मात्र या परंपरेची मर्यादा झाकून चालणार नाही. तोच लेखनक्रियेचा समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. महानुभावांनी मराठी जवळ केली, तरी पुढे त्यांचे ग्रंथ सांकेतिक लिपींत बंदिस्त झाले. ऐकण्याचा अधिकार पुष्कळांना मिळाला. लिहिण्याचा फार थोड्यांना. गोदाकाठच्या कुणब्याने, मांगाने, वंजाऱ्याच्या घरच्या बाईने लेखणी हाती धरावी हा विचार प्रत्यक्षात येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि तो मराठवाड्यात नव्हे, पुण्यात आला. त्यामुळे येथे आपल्यालाही काही काळ पुण्याकडे जावे लागते.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी आपल्या घरीच रात्रीची शाळा सुरू केली. त्याच वर्षीचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक या शाळेसोबत वाचावे. त्यातील फसवले गेलेले शेतकरी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरते. नाटकाचा शेवट लग्नात किंवा मृत्यूत न होता प्रौढांच्या शाळेत नाव घालण्यात व्हावा, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. आमच्या दृष्टीने ‘रात्र’ आणि ‘घर’ हे दोन तपशील अधिक महत्त्वाचे आहेत. दिवस कामाचा, म्हणून शाळा रात्री. आणि सार्वजनिक जागेत पाऊल ठेवायला धजत नाहीत, म्हणून शाळा शिक्षकाच्या घरी. विद्यार्थ्याच्या दिनक्रमाभोवती शिक्षकाने आपला दिनक्रम वाकवला.

पुढच्या पिढीत विधवांच्या शिक्षणाच्या निमित्ताने शिक्षकाच्या कामाची आणखी एक बाजू पुढे आली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई उर्फ बाया कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी पंचविशी ओलांडल्यावर, पदरी मूल असताना, शिकायला सुरुवात केली आणि पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचले. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालची. ही दोन पुस्तके शिक्षणाचे दस्तऐवज म्हणून वाचली तर त्यांत धड्यांपेक्षा इतर व्यवस्थाच अधिक दिसतात. विद्यार्थिनीने राहायचे कोठे, मुलाला कोणी सांभाळायचे, सासरमाहेरची समजूत कोणी घालायची, गावाने वाळीत टाकले तर पाठीशी कोणी उभे राहायचे, हे प्रश्न सुटले तरच पुस्तक उघडत होते. प्रौढ विद्यार्थिनीचा शिक्षक हा तिच्या वतीने जगाशी बोलणारा जामीनदारही असावा लागला.

याच काळात जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाही उर्दूच. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे; मराठी येत असली तरी सुटका नव्हती. अशा परिस्थितीत गावातील शिकलेला माणूस आधी वाचून दाखवणारा, अर्ज लिहिणारा, मसुदा समजावणारा होतो आणि शिक्षक नंतर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. कागदाची भाषा मराठी झाली. परंतु कागद वाचता येणारे थोडेच होते.

महाराष्ट्राने या कामासाठी जी मोहीम उभारली तिचा आरंभ १९५९ साली सातारा जिल्ह्यात झाला होता. ग्रामशिक्षण मोहीम हे तिचे नाव. प्राथमिक शाळेचे गुरुजी दिवसा मुलांना आणि रात्री त्यांच्या आईबापांना शिकवू लागले, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ती राज्यभर पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. १९९० च्या दशकातील संपूर्ण साक्षरता मोहिमांत पंधरा ते पस्तीस हा मुख्य वयोगट होता, वाचनमालेचे तीन भाग होते आणि शिकवणारा स्वयंसेवक विनामोबदला काम करीत होता. या मोहिमांनी पुष्कळ साधले. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेच्या पुस्तकातल्या एका धड्यावरील चर्चेतून १९९२ साली स्त्रियांचे दारूबंदीचे आंदोलन पेटले, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु मोहिमेला शेवटची तारीख असते आणि शिकणाऱ्याच्या अडचणींना नसते, हा विरोध त्या सोडवू शकल्या नाहीत.

जालन्यासारख्या जिल्ह्यात हा विरोध तीव्र होतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. वर्ष दोन भागांत तुटते. मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे टन, कामावर न गेल्याबद्दलचा खाडा, हा सारा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. अशा बाईला किंवा बाप्याला अक्षराची गरज सर्वांत अधिक आणि वर्गात बसण्याची सवड सर्वांत कमी. तिला शिकवायचे तर परत आल्यावर ‘पुन्हा पहिल्यापासून’ असे न म्हणता जेथे सुटले तेथून धरणारा माणूस लागतो. त्याला तिच्या उचलीचा आकडा ठाऊक असावा लागतो. तो गणिताचा पहिला धडा होऊ शकतो. तांड्यावर गोरमाटी बोलली जाते आणि जालना शहराच्या काही वस्त्यांत दखनी. तेथे प्रमाण मराठीतले पुस्तक उघडणाऱ्या शिक्षकापुढे नागदेवाचार्यांचाच प्रश्न येतो : या भाषेने माझ्या म्हाताऱ्या वंचित होणार नाहीत ना?

प्रौढाला शिकवण्याचा एक वेगळा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र चालवते. तेथील शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रे वर्षानुवर्षे भरत आली. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणलोटाचे काम झाले, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा वाढल्या, आणि दुष्काळी मुलखातले ते एक उदाहरण ठरले. त्यात तंत्राचा वाटा आहेच. पण चर्चासत्राच्या रचनेचाही आहे. तेथे येणारा विद्यार्थी आपल्या रानाविषयी शिकवणाऱ्यापेक्षा अधिक जाणत असतो. त्याच्यासमोर केवळ व्याख्यान टिकत नाही. त्याचा अनुभव ऐकावा लागतो, तपासावा लागतो, शेजाऱ्याच्या अनुभवाशेजारी ठेवावा लागतो. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे तीनशे प्रौढांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला, त्याचा गाभाही शिकणाऱ्याच्या जगातले शब्द आणि त्यांवरील संवाद हाच होता. आशंका घेणारा श्रोता आपल्याकडे आधीपासून होता. त्याला शेताच्या बांधावर बसवण्याचे काम अशा केंद्रांनी केले.

शिक्षक बाहेरूनच यावा लागतो असेही नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या आणि त्यांना शिकवणारी बाई गावातलीच सून होती. वृत्तपत्रांनी गुलाबी रंगाकडे पाहिले. आम्हांला सासू आणि सून यांच्यातील बदललेले नाते अधिक लक्षणीय वाटते. जिने सांगायचे तिने ऐकायचे आणि जिने ऐकायचे तिने फळ्यापाशी उभे राहायचे, हा बदल घरात परतल्यावर पुसला जात नाही.

आता सध्याच्या परिस्थितीकडे येऊ. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला उल्लास–नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचू पाहतो. त्याची चाचणी दीडशे गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास. महाराष्ट्रात ही चाचणी प्रथम १७ मार्च २०२४ रोजी झाली. शिकवण्याचे काम येथेही स्वयंसेवकांकडे आहे, आणि निरक्षरांचे सर्वेक्षण शाळेच्या शिक्षकांकडे सोपवले तेव्हा २०२३ साली शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक काम म्हणून विरोध केला. हा विरोध आळसाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. वर सांगितलेली सारी कामे, म्हणजे लाज दूर करणे, घरच्यांची समजूत घालणे, वेळ जुळवणे, भाषा जुळवणे, कागद वाचून देणे, मुलाची सोय पाहणे, ही कामे आहेत आणि त्यांना वेळ लागतो. दीडशे गुणांत त्यांना एकही गुण नाही. ज्या कामाला नाव नाही त्याला मोबदला मिळत नाही, आणि मग ते बहुधा गावातल्या सर्वांत कमी मानधनावरच्या बाईच्या अंगावर पडते.

सहीचेही असेच आहे. अंगठ्याऐवजी सही करता येणे हा साक्षरतेचा सर्वांत मोठा मान गणला जात होता. बचत गटाच्या वहीत पहिली सही करणाऱ्या स्त्रीला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. आता रेशन दुकानातील यंत्र तिच्याकडे पुन्हा अंगठाच मागते. सही शिकलेल्या हाताला कोठे सही करायला मिळणार, याचा विचार शिकवणाऱ्याखेरीज कोणी करताना दिसत नाही.

या साऱ्या मदतीत एक धोका आहे. विद्यार्थिनीची पत्रे, पावत्या, अर्ज आयुष्यभर आपणच वाचून देणारा शिक्षक तिला आपल्यावर अवलंबून ठेवतो. गुरुपरंपरेतील शरणागती मोठ्या माणसाच्या शिक्षणाला मानवत नाही. आज वाचून द्यावे, उद्या शेजारी बसून वाचून घ्यावे, परवा तिला एकटीला वाचू द्यावे आणि चुकल्यास हसू नये, हा क्रम शिक्षकाला सांभाळता आला पाहिजे. महदाइसेचा प्रश्न ऐकून घेतला गेला म्हणून ती पुढे स्वतः रचना करणारी झाली, हे या संदर्भात विसरू नये.

हे टिपण वाचणारे बहुतेक जण साहित्य शिकवतात किंवा शिकतात. प्रौढ विद्यार्थी आपल्यापासून दूर कोठे तांड्यावर आहे असे समजण्याचे कारण नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांनी तो आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत केव्हाच आणून बसवला आहे. संसार, नोकरी, शेती सांभाळून ‘लीळाचरित्र’ वाचायला येणारी बाई शेवटच्या बाकावर बसते, वही उशिरा देते आणि प्रश्न विचारताना आधी क्षमा मागते. तिला महदाइसेचे प्रसंग शिकवताना परीक्षेपुरते टिपण देऊन पुढे जाता येते. तिच्या स्वतःच्या प्रश्नासाठी तासाची शेवटची दहा मिनिटे राखून ठेवणेही आपल्याच हाती आहे.